ब्रेकखाली जळणारं पेट्रोल

मंडळी, ॲव्हरेज पडलं की आपण आधी गॅरेज गाठतो. प्लग, एअर फिल्टर, इंजेक्टरची सफाई, आणि वर टाकीत ओतायची एखादी बाटली. यातलं काही ना काही कधीतरी लागतंच. पण गाडी ठणठणीत असताना पेट्रोल सर्वात जास्त वाया जातं ते ब्रेकच्या पेडलखाली.

हिशेब सोपा आहे. माणसांसकट हजार-अकराशे किलोची छोटी कार ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला आणायला साधारण १५ ते २० मिलीलिटर पेट्रोल जळतं, कारण इंधनातली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचते. पुढे सिग्नल लाल दिसत असूनही शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि मग कचकन थांबलात, तर ते सगळं डिस्क तापवण्यात गेलं. आजच्या भावाने दीड-दोन रुपये, एका सिग्नलला. वेग ४० असता तर नुकसान निम्म्याहूनही कमी झालं असतं, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

मग करायचं काय? लाल दिवा दिसला की शंभर-दीडशे मीटर आधीच पाय उचला. क्लच दाबू नका, गिअर काढू नका. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय सुटला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं, पेट्रोल शून्य. इंजिनचे फेरे मिनिटाला हजार-बाराशेच्या आसपास उतरले की इंजेक्टर पुन्हा सुरू होतो. क्लच तेव्हा दाबायचा. ज्यांच्या मीटरवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दिसतं, त्यांनी मोकळ्या रस्त्यावर बघावं: पाय उचलल्यावर आकडा टोकाला जाऊन चिकटतो.

आता उतारावर न्यूट्रल करण्याची सवय. ती कार्बोरेटरच्या काळातली. तेव्हा पाय सोडला तरी इंजिन फिरत असेपर्यंत पेट्रोल ओढलं जायचं, त्यामुळे न्यूट्रलला थोडा तरी अर्थ होता. आज न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला ईसीयूला पेट्रोल द्यावंच लागतं, छोट्या कारला तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर. म्हणजे बोरघाट किंवा खंबाटकी न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस पेट्रोल वाचवत नाही, जाळतो. वर इंजिनची पकड सुटल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. जड ट्रकचे लायनर तापून ब्रेक लागेनासे होतात ते असेच. पुण्यात नवले पुलाच्या उतारावरच्या अपघातांत हे कारण पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. इंजिनच बंद करणं तर त्याहून वाईट: पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरमधल्या उरलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक दोन-तीनदा नीट लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. उतार अगदीच सौम्य असेल आणि गिअरमध्ये गाडी मंदावत असेल, तर वरच्या गिअरमध्ये पाय हलका टेकवून ठेवा. न्यूट्रल तिथेही नको.

सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. चालू करायला लागणारं पेट्रोल दहाएक सेकंदांच्या आयडलिंगइतकंच असतं. एकच अपवाद: टर्बो गाडी घाट चढून थांबली असेल तर मिनिटभर चालू राहू द्या, फिरत्या तेलाने टर्बो थंड होतो.

महामार्गावर खेळ हवेचा. ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो. रिकामं कॅरिअर टपावर मिरवणाऱ्यांना त्यावर वेगळा दंड! एसीचं म्हणाल तर गावात काचा उघड्या चालतील, पण ८०च्या पुढे काचा लावून एसी परवडतो.

गिअर पेट्रोल गाडीत दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या आत वरचा टाका. मात्र इंजिन ठकठक करायला लागलं तर खालचा टाका. कमी फेऱ्यांवर जोर मागितला की फायदा उलटतो.

टायरची हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरच्या आतच चाललेली असताना भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा घ्या, टायरच्या कडेला लिहिलेला नव्हे. तो कमाल मर्यादेचा असतो. तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, म्हणून दुपारी पंपावर ‘बरोबर’ दिसलेली हवा खरं तर कमी असते.

दुचाकीवाल्यांनी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवून बघावं. दोन-तीन फेरे न घेता अडखळून थांबलं तर ब्रेक शू घासतोय किंवा चेन कोरडी आहे. घट्ट चेनही तितकीच वाईट. मधोमध दोन-तीन सेंटिमीटर ढील हवीच.

फरक मोजायचा तर पेट्रोलच्या काट्यावर विसंबू नका. नोझल आपोआप थांबेपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भरा. किलोमीटरला लिटरने भागा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार भरू द्या.