दोन बोटं आणि एक नोंदवही
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: पाऊस. कौलांवरून सुटलेल्या धारा. देवळाची दीपमाळ, ओलं अंगण.]

गोव्यातल्या अंत्रुज महालातलं, म्हणजे फोंडा भागातलं, हे एक देऊळ. अग्रशाळेच्या, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीच्या, टोकाच्या खोलीत गावाचं मराठी वाचनालय आहे. भिंती चिऱ्यांच्या. जूनपासून हवेत अशी ओल भरते की कपाटाची दारं फुगून बसतात आणि गुडघा लावल्याशिवाय उघडत नाहीत.

पणजीत 1832 साली सार्वजनिक ग्रंथालय सुरू झालं. आज ते शहराच्या पाटो भागात, जुने लेखक कृष्णदास शामा यांच्या नावानं उभं आहे. ते असो की ही एक खोली, एक प्रश्न कुठल्याच ग्रंथालयाला चुकलेला नाही: नोंदवहीत आहे, पण फळीवर नाही, असं काय काय आहे?

[दृश्य: नोंदवहीचं पान. डावीकडे दाखल क्रमांक. त्यावर एक बोट.]

हे बोट बघा. या चित्रफितीत आम्हाला दाखवायचं आहे ते एवढंच.

डाव्या हाताखाली दाखल नोंदवही, आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी. उजव्या हाताखाली फळीवर प्रत्यक्ष सापडलेल्या पुस्तकांची यादी. दोन्ही क्रमानं लावलेल्या. डावं बोट 211 वर, उजवं 211 वर. सारखे, दोन्ही बोटं खाली. 212 आणि 212. दोन्ही खाली. आता डावीकडे 213, पण उजवीकडे 214.

[दृश्य: बोटं थांबतात. पेन्सिल 213 भोवती गोल काढते.]

213 हरवलंय. आणि हे सांगायला उजवी यादी शेवटपर्यंत चाळावी लागली नाही. यादी चढत्या क्रमात आहे, 214 आलं म्हणजे 213 पुढे येणारच नाही. गोल काढायचा, फक्त डावं बोट खाली न्यायचं. उलट झालं, म्हणजे उजवीकडचा आकडा लहान निघाला, तर ते पुस्तक फळीवर आहे आणि नोंदवहीत नाही. मग फक्त उजवं बोट खाली.

एका नजरेत तीनच निकाल: सारखे, डावा लहान, उजवा लहान. कुठलंही बोट कधी वर जात नाही.

[दृश्य: जमिनीवर पसरलेल्या चिठ्ठ्या. वरून घेतलेलं दृश्य.]

पण दोन बोटांची ही चाल फुकट मिळत नाही. नोंदवही तयार क्रमात होती, पुस्तकं येतील तशी तिच्यात चढतात. फळ्या मात्र विषयवार लावलेल्या: नाटकं एकीकडे, संतवाङ्मय दुसरीकडे. म्हणून प्रत्येक पुस्तकाची एक चिठ्ठी झाली, चिठ्ठीवर दाखल क्रमांक, आणि चिठ्ठ्या या लादीवर आल्या. आधी हजारांचे ढीग. प्रत्येक ढिगाचे शंभरांचे ढीग. पंखा बंद, कारण वारा नको. सगळे घामाघूम. आकडे मराठीत वाचले जातात, मधलं बोलणं कोंकणीत. "बाई, हो एक की सात?" असं वाचनालयाच्या बाईंना विचारत कॉलेजचा मुलगा चिठ्ठी उजेडाकडे धरतो.

दोघांनी दोन ढीग वेगवेगळे लावले की ते एकत्र कसे करायचे? पुन्हा तीच चाल. दोन्ही ढिगांतली वरची चिठ्ठी बघायची, लहान असेल ती उचलायची. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी 1945 साली संगणकासाठी क्रमवारी लावण्याचा जो प्रोग्राम लिहिला, त्याच्या पोटात हेच होतं. एकत्र करा की वजा करा, बोटं तशीच चालतात. फरक एवढाच, की कागदावर काय उतरवून घ्यायचं.

[दृश्य: फळा. खडूनं लिहिलेले आकडे.]

या मेहनतीचं मोल आकड्यांत सांगायला हवं. समजा नोंदवहीत 5,000 पुस्तकं आहेत आणि फळीवर त्यातली 4,800. फळीची यादी विस्कळीत असेल आणि प्रत्येक क्रमांक तिच्यात पहिल्यापासून शोधला, तर 1,24,82,400 वेळा आकड्याशी आकडा ताडावा लागतो. क्रम लावलेला असेल तर जास्तीत जास्त 5,000 वेळा. फळीवर नोंदीबाहेरची पुस्तकं असली तरी दोन्ही याद्यांच्या बेरजेपलीकडे काम जात नाही.

आणि उजवीकडे 20 च चिठ्ठ्या असतील, त्या नोंदवहीत आहेत का एवढंच बघायचं असेल, तर बोटं चालवूच नयेत. वही मधोमध उघडायची, मग अर्ध्याचं अर्धं. एका चिठ्ठीला 13 वेळा बघणं पुरतं.

[दृश्य: लॅपटॉप. काळ्या पडद्यावर अक्षरं.]

मुलानं हेच संगणकावर उतरवलं. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत यासाठी 'सेट डिफरन्स' नावाचं तयार फंक्शन आहे, युनिक्स या संगणक प्रणालीवर 'कॉम' ही आज्ञा आहे. त्यानं तरी स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि आम्हाला ते आवडलं, कारण त्यामुळे चुका कॅमेऱ्यासमोर झाल्या.

पहिली चूक: उजवी यादी संपली आणि प्रोग्राम थांबला. डावीकडे शेवटच्या काही ओळी उरल्या होत्या, त्या कुणी विचारल्याच नाहीत. एक यादी संपली की दुसरीतलं उरलेलं सगळं उत्तरात घ्यायचं असतं. दुसरी: आकडे मजकूर म्हणून वाचले गेले, आणि मजकूर म्हणून 10 हा 9 च्या आधी येतो.

तिसऱ्या चुकीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो.

[दृश्य: कसरीनं खाल्लेली पानं. क्रमांकाच्या रकान्यात भोकं.]

नोंदवहीची सुरुवातीची पानं कसरीनं खाल्ली आहेत. क्रमांक गेले, नावं उरली. त्या पुस्तकांसाठी नावांवरून ताडणं आलं. बाईंनी नावांची यादी हातानं केली, शाळेत शिकलेल्या वर्णमालेप्रमाणे: ह, मग ळ, मग क्ष, ज्ञ. म्हणजे 'कावळा' आधी आणि 'काळोख' नंतर. संगणकानं फळीची यादी युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या आकड्यांच्या, क्रमानं लावली. तिथे ळ बसतो ल आणि व यांच्या मध्ये. म्हणजे 'काळोख' आधी आणि 'कावळा' नंतर.

[दृश्य: पडद्यावर दोन शब्द, शेजारी शेजारी.]

आता बोटं चालवा. डावीकडे 'कावळा', उजवीकडे 'काळोख'. युनिकोडच्या हिशेबानं उजवा लहान, म्हणून 'काळोख' फळीवर जास्तीचा ठरला, उजवं बोट पुढे गेलं. 'कावळा' जुळला. मग डावीकडे 'काळोख' आला, पण उजवं बोट तो कधीच मागे टाकून गेलंय. निकाल: 'काळोख' हरवला. एकच पुस्तक, हरवलेलंही आणि जास्तीचंही. आणि ते बाईंच्या हातात आहे.

दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर होत्या. दोघींचा क्रम एक नव्हता. क्ष सुद्धा असाच फसवतो: वर्णमालेत तो शेवटी, संगणकात क मध्ये, कारण तिथे तो क आणि ष यांचं जोडाक्षर. ग्रंथालयांसाठी मराठी प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे आधी तपासावं, अशी आमची कळकळीची विनंती आहे. मुलानं वर्णमालेचा क्रम प्रोग्रामला शिकवला, दोन्ही याद्या त्याच क्रमानं लावल्या आणि बोटं पुन्हा सोडली.

[दृश्य: रिकामे कप्पे. निवेदन नाही. पावसाचा आवाज.]

हरवलेल्यांची यादी समितीकडे गेली. काही पुस्तकं घराघरांतून परत आली, बाकीच्यांपुढे शेरा पडला.

[दृश्य: बाई खुर्चीत. समोर सात-आठ पुस्तकं, कडा पिवळ्या पडलेल्या.]

उजव्या बोटानं वेगळी काढलेली ही पुस्तकं: फळीवर होती, नोंदीत नव्हती. कुणी कधी देऊन गेलं, ठाऊक नाही. बाईंनी नोंदवहीचं शेवटचं पान उघडलंय. शेवटचा दाखल क्रमांक बघतात, पुढचा लिहितात, आणि पहिल्या पुस्तकाच्या आतल्या पानावर तोच आकडा शाईनं उतरवतात. मुलगा फुंकर घालून शाई वाळवतो, पुढचं पुस्तक सरकवतो.