घागर भरायच्या आधी

नमस्कार श्रोतेहो.

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरात घागर आली असेल, डांगर आलं असेल, लेकी एसटीच्या गर्दीतून माहेरी पोचल्या असतील. त्या दिवशी आपण गेलेल्यांना आठवणीनं जेवू घालतो, विस्तवावर आगारी म्हणजे त्यांच्या नावाचा घास टाकतो. पण समोर बसून पुरणपोळी-रस खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला, ‘तुमच्या मागे कसं करायचं?’ असं विचारायची छाती कुणाची होत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं, “मरानी गोट कसाले काढस रे, सनना दिन?”

आमच्याही घरात ही मरणाची गोष्ट कुणी काढली नव्हती. वडील गेले तेव्हा कपाशीची वेचणी चालू होती. दिवसकार्य, गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले आणि आई पत्र्याची पेटी उघडून बसली. पेटीत विकास सोसायटीच्या पावत्या होत्या, पंचवीस वर्षांची वीजबिलं होती, एका बैलजोडीच्या खरेदीची चिठ्ठीसुद्धा होती. मुदत ठेवीची पावती तेवढी नव्हती. ती तीन महिन्यांनी सापडली, गव्हाच्या कोठीवर टांगलेल्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे टाचलेली. तिच्यावर नॉमिनीचा रकाना कोरा. त्यात सातबाऱ्यावर नाव दगा, आधारवर दगडू आणि पासबुकात दगाजी! माणूस एक, कागदावर तिघे. हे तिघे एकच होते हे पटवून देता देता आईच्या चपला झिजल्या. तेव्हा आज रात्रीच सातबारा, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव नुसतं वाचून बघा. फरक असेल तर माणूस स्वतः हयात असताना तो दुरुस्त होणं फार सोपं.

आता मृत्युपत्राचं. लोकांना वाटतं त्याला स्टॅम्पपेपर लागतो, वकील लागतो. साध्या कागदावर लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं. लिहिणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढं मात्र हवंच. साक्षीदार असे घ्या की ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण भावकीत वाद असेल तर जरूर करा. मन बदललं तर नवीन लिहा, शेवटचं तेच खरं. वडिलोपार्जित जमिनीत मात्र फक्त आपल्या हिश्श्यापुरतं लिहिता येतं. आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर त्या जमिनीत लेकीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, हे बाप्यांनी पत्त्यांचा डाव मांडण्याआधी एकदा ऐकून ठेवावं.

नॉमिनी लावला की काम झालं, हाही गैरसमजच. बँक पैसे त्याच्या हाती देते, पण म्हणून तो मालक होत नाही. बँकेच्या ठेवीत तो वारसांच्या वतीनं पैसे घेणारा माणूस असतो. तरीही नॉमिनी लावाच, नाहीतर आमच्यासारख्या चकरा पडतात.

पण मला आज खरं सांगायचंय ते वेगळंच. लोक सगळं एकाच कागदात कोंबतात. अग्नी कुणी द्यावा, डोळे दान करावेत, जमीन कुणाला, सगळं मृत्युपत्रात. आणि मृत्युपत्र उघडतं कधी? गंधमुक्तीनंतर, पाहुणे पांगल्यावर. तोवर डोळ्यांची राख झालेली असते! नेत्रदान करायचं तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. तोपर्यंत पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवायचं. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, अडचण येत नाही. आणि फॉर्म भरलेला असला तरी त्या घडीला घरच्यांनी हो म्हटलं तरच होतं. देहदानाचंही तेच. जळगाव, धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, पण तिथं फोन करणारा माणूस घरातलाच लागतो. म्हणून ही इच्छा कुलुपात ठेवायची नसते, ती तोंडानं सांगून ठेवायची आणि कागद देव्हाऱ्याच्या फळीवर, दिसेल असा ठेवायचा.

त्याच्याही आधीची एक वेळ असते, दवाखान्यातली. शुद्ध नाही, बरं होण्याची आशा नाही, तेव्हा मशिनवर किती दिवस ठेवायचं? सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये याबद्दल आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, झालं. आपल्या वतीनं डॉक्टरांशी कुणी बोलायचं, त्याचं नाव त्यात घालायचं. हा कागद ज्याचं नाव घातलंय त्याच्याजवळच असू द्या.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा. दाखल्याच्या प्रती भरपूर घ्या, प्रत्येक खिडकीवर एक मागतात. आणि माणूस गेला म्हणून त्याचं सिमकार्ड लगेच बंद करू नका, बँकेचे निरोप त्याच नंबरावर येतात.

आमच्या आईनं वडिलांनंतर शंभर पानी वही केली. ती सांगते, मी लिहितो. कुठलं पासबुक कुठं, कुणाचे हातउसने किती, विम्याचा हप्ता कधी. मग एका दुपारी म्हणाली, लिख. गंधमुक्तीला बुंदी नको. माझ्या पाटल्या लेकीला. मांड्यांचं खापर मोठ्या सुनेला, तिचाच हात त्याच्यावर चालतो. हे ऐकून सून चुलीजवळ गप्प झाली आणि उगाच लाकडं सारत बसली.

शेवटची ओळ किराणावाल्याची होती, ३४० रुपये देणं. ते आईनं दुसऱ्याच दिवशी देऊन टाकले आणि परत येऊन मला ती ओळ खोडायला लावली.