काम नसतानाही ग्राफिक्स कार्ड तापलेले का राहते?

मित्रहो, संगणक सुरू आहे, पडद्यावर रिकामा डेस्कटॉप आहे, गेम किंवा रेंडरिंग काहीही चालू नाही, आणि तरीही ग्राफिक्स कार्डाचे तापमान ५० ते ५५ अंश सेल्सिअस दिसते आहे, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. असे दिसले की आपण आधी पंख्यांचा वेग वाढवतो आणि तेवढ्याने भागले नाही तर कार्ड उघडून थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि तिची उष्णता हवेत सोडणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधला लेप, बदलायला बसतो. हा क्रम उलटा आहे, हेच मला आज सांगायचे आहे. उष्णता बाहेर कशी काढावी, हा प्रश्न नंतरचा आहे. काम नसताना ती तयार का होते, याचा शोध आधी घ्यायला हवा.

यामागचे गणित साधे आहे. कार्ड जेवढी वीज घेते, तेवढी सगळी अखेर उष्णताच होते. ती उष्णता हवेत सोडताना, प्रत्येक वॅटमागे चिपचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा किती अंशांनी वर राहते, याला औष्णिक रोध म्हणतात. समजा, पंखे थांबलेले असताना एखाद्या कार्डाचा हा रोध वॅटमागे १ अंश आहे आणि कॅबिनेटमधील हवा ३० अंशांवर आहे. कार्ड १२ वॅट घेत असेल तर चिप ४२ अंशांवर स्थिरावेल आणि तेच कार्ड २५ वॅट घेत असेल तर ५५ अंशांवर. हीटसिंक तोच, पेस्ट तीच, हवाही तीच. बदलले ते फक्त वॅट. याच गणितातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. हवेवर थंड होणारे कार्ड खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही, म्हणून दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यापूर्वी दोघांच्या खोल्यांचे तापमान वजा करायला हवे.

साधारण २०१४ पासून अनेक कार्डांत अशी सोय आलेली आहे की, तापमान ठरावीक मर्यादेखाली, म्हणजे बहुधा ५० ते ६० अंशांच्या खाली असेल तर पंखे पूर्णपणे थांबतात. अशा कार्डाने विश्रांतीत ४५ अंश दाखवणे हा दोष नाही, ती आखणीच तशी आहे. भाराखाली ८० अंश सहज सोसणाऱ्या चिपला ४५ अंशांनी काहीही होत नाही. मात्र तापमान नेमके त्या मर्यादेच्या आसपास रेंगाळत असेल तर पंखे सारखे सुरू होतात, थांबतात, पुन्हा सुरू होतात, आणि हा त्रास खरोखर दूर करण्याजोगा आहे. आफ्टरबर्नरसारख्या, कार्डाचे आकडे दाखवणाऱ्या आणि पंखे नियंत्रित करणाऱ्या प्रोग्राममध्ये पंख्यांचा आलेख बदलून ते ३० टक्क्यांच्या आसपास सतत फिरते ठेवले तर तापमान बरेच उतरते. ज्यांना पूर्ण शांतता नको आहे, त्यांनी हे जरूर करावे; पण त्याने कार्डाचा विजेचा वापर रतीभरही कमी होत नाही, हे विसरू नये.

आता मूळ कारणाकडे येऊ. कार्डाच्या कामाच्या ठरलेल्या पायऱ्या असतात. एनव्हिडियाच्या कार्डांत सर्वांत वरची पायरी पी-० आणि डेस्कटॉपवरील विश्रांतीची पायरी बहुधा पी-८ असते. पी-८ मध्ये कार्डावरील मेमरीचा वेग अनेक कार्डांत ४०५ मेगाहर्ट्झपर्यंत खाली येतो, आणि कार्ड थंड राहते ते मुख्यतः या उतरणीमुळे. ही उतरण अडते कुठे, ते नीट समजून घ्यायला हवे. मेमरीचा वेग बदलताना तिची जुळणी नव्याने करावी लागते आणि तेवढा वेळ ती मॉनिटरला चित्र पुरवू शकत नाही. म्हणून हा बदल एक चित्र पाठवून झाल्यावर आणि पुढचे सुरू होण्याआधी मिळणाऱ्या मोकळ्या क्षणातच उरकावा लागतो. त्या क्षणाला व्हर्टिकल ब्लँकिंग म्हणतात. १९२० बाय १०८० आणि ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे, या नेहमीच्या संकेतात एका चित्राच्या ११२५ ओळी असतात, त्यांपैकी ४५ रिकाम्या. एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे मोकळा वेळ जेमतेम ०.६७ मिलिसेकंद. तेच प्रमाण ठेवून १४४ हर्ट्झवर गेलो तर तो ०.२८ मिलिसेकंद उरतो. आणि दोन मॉनिटर वेगवेगळ्या वेगाने चालत असतील तर दोघांचे मोकळे क्षण एकत्र जुळून येण्याची खात्रीच राहत नाही. अशा वेळी पडदा लुकलुकण्याचा धोका पत्करण्यापेक्षा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, मेमरीला पूर्ण वेगावर ठेवून देतो.

हे मी माझ्या टेबलावर पाहिले आहे. एक मॉनिटर १४४ हर्ट्झचा, दुसरा ६० हर्ट्झचा. काही न करता कार्ड ३४ वॅट घेत होते, मेमरी ७००० मेगाहर्ट्झवर खिळलेली होती आणि तापमान ५३ अंश होते. पंखे स्वच्छ होते, कॅबिनेटची बाजूही उघडी ठेवून झाली होती, फरक एखाद-दुसऱ्या अंशाचाच पडत होता. शेवटी दुसऱ्या मॉनिटरची केबल काढली आणि आकड्यांकडे पाहत बसलो. काही सेकंदांतच मेमरी ४०५ वर उतरली, वीज १३ वॅटवर आली आणि पंधरा मिनिटांनी तापमान ४१ वर थांबले. केबल परत जोडली आणि पहिला मॉनिटर १४४ ऐवजी १२० हर्ट्झवर ठेवला, तर मेमरी खालीच राहिली. १२० ही ६०ची बरोबर दुप्पट आहे. प्रत्येक जोडीत हा उपाय लागू पडेलच असे नाही, कारण ओळींची आखणीही जुळावी लागते. पण एक पैसा न खर्चता करून पाहण्याजोगा याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असेल तर दुसरा मॉनिटर मदरबोर्डवरील जोडणीला लावणे हाही मार्ग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात आलेल्या एएमडीच्या आरएक्स ७९०० मालिकेत हाच प्रश्न इतका ठळक होता की, कंपनीने ड्रायव्हरच्या टिपणात तो ज्ञात दोष म्हणून नोंदवला होता. ड्रायव्हर अद्ययावत ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे.

मॉनिटर एकच असेल आणि तरीही वीज जास्त जात असेल, तर कार्डाला कोणी झोपू देत नाही का, हे पाहावे. विंडोज १० च्या २०१७ अखेरच्या आवृत्तीपासून टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या वापराचा, स्तंभ आहे; त्यावर क्लिक करून क्रम लावला की दोषी प्रोग्राम बहुधा वरच सापडतो. हलता वॉलपेपर, ब्राउझरमध्ये उघडा राहिलेला ॲनिमेशनचा टॅब, रंगीत दिव्यांचे नियंत्रण करणारा प्रोग्राम हे नेहमीचे. तापमान दाखवणारे साधनसुद्धा दर सेकंदाला विचारणा करून कार्डाला जागे ठेवू शकते, म्हणून मोजणी करताना एका वेळी एकच साधन उघडे ठेवावे. टास्क मॅनेजर उघडताक्षणी भार नाहीसा होत असेल आणि बंद करताच परत येत असेल, तर मात्र चोरून मायनिंग करणाऱ्या, म्हणजे आपल्या कार्डावर दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावणाऱ्या, प्रोग्रामची शंका घेऊन तपासणी करायलाच हवी.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर मॅनेजमेंट मोड 'कमाल कार्यक्षमता' असा ठेवला असेल तर तो सर्वांसाठी न ठेवता फक्त ज्या गेमला गरज आहे त्याच्यापुरता ठेवावा. इंटेलच्या आर्क कार्डांसाठी तर कंपनीनेच सांगितले आहे की, बायोसमध्ये एएसपीएम, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस जोडणीची वीजबचत, चालू करून विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये पीसीआय एक्स्प्रेसची बचत कमाल पातळीवर ठेवावी. अंडरव्होल्टिंगची, म्हणजे चिपला मिळणारे व्होल्टेज कमी करण्याची, शिफारस पुष्कळ केली जाते आणि भाराखाली ते उपयोगीही आहे. पण विश्रांतीत व्होल्टेज आधीच तळाला असते, त्यामुळे तिथे त्याचा फायदा जवळजवळ शून्य.

वॅट उतरले की मग हवा. पुढून थंड हवा आत आणि मागून-वरून गरम हवा बाहेर, एवढे साधले तरी पुरे. पंखे थांबवणाऱ्या कार्डाला कॅबिनेटचा एक मंद पंखासुद्धा मोठा आधार देतो, कारण हीटसिंकच्या पात्यांमधून थोडी जरी हवा सरकली तरी रोध झपाट्याने घटतो. धूळ काढताना संगणक बंद करून, कार्डाच्या पंख्याचे पाते बोटाने धरून मगच हवेचा झोत मारावा. मोकळा पंखा झोताने बेसुमार फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडू शकते.

थर्मल पेस्ट शेवटी, आणि त्याचे कारणही त्याच गणितात आहे. वाळलेल्या पेस्टमुळे रोध वॅटमागे ०.१ अंशाने वाढला असे धरा. १५ वॅटच्या विश्रांतीत त्याचा परिणाम दीड अंश होईल, तर ३०० वॅटच्या भाराखाली ३० अंश. म्हणजे ज्याचे कार्ड फक्त विश्रांतीत गरम आहे आणि भाराखाली ठीक आहे, त्याने ते उघडून काहीही साधणार नाही. भाराखाली सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरील सर्वांत तापलेली जागा, यांतील अंतर वाढत चालले असेल तरच स्क्रू ड्रायव्हर हाती घ्यावा. तेव्हाही मेमरीवरील प्रत्येक थर्मल पॅडची (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी आधी मोजून लिहून ठेवावी. अर्ध्या मिलिमीटरने जाड पॅड बसवला तरी हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही, आणि पूर्वी ७० अंशांवर चालणारे कार्ड जोडणीनंतर ९० दाखवू लागते.