उभे राहिलेले थर

श्रोतेहो, नमस्कार.

अंदमानहून आलेल्या माणसाला विचारा, काय काय पाहिलंत? सेल्युलर जेल, राधानगरची पुळण, प्रवाळ. दगड पाहिले असं सांगणारा मला तरी अजून भेटलेला नाही! तेव्हा एक सुचवतो. चिडिया टापूला सूर्यास्त बघायला सगळेच जातात. तुम्ही तासभर आधी जा, आणि ओहोटी साधून जा.

किनाऱ्यावर वाळूखडक आणि चिखलाचा खडक यांचे थर एकाआड एक दिसतील. आपल्या घाटात लाव्ह्याचे थर कसे, रचून ठेवलेल्या गोधड्यांसारखे आडवे. इथले कललेले, मुडपलेले, कुठे चक्क उभे. एखाद्या थरावरून बोट फिरवा. एका बाजूला खरखरीत लागेल, दुसरीकडे जाता जाता मऊ. गढूळ पाणी तांब्यात ढवळून ठेवलं की आधी रेती बसते, मग गाळ, अगदी तसंच. समुद्राखालच्या उतारावरून गाळाचा लोंढा घसरत खोल तळाशी गेला आणि निवळला. एक लोंढा, एक थर. साधारण तीन कोटी वर्षांपूर्वी असे लोंढे येतच राहिले. या खडकांना अंदमान फ्लिश म्हणतात.

मग तळ वर आला कसा? ज्या भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यावर, आपला सह्याद्री बसला आहे, तोच भारतीय भूपट्ट अंदमानच्या पश्चिमेला बर्मा भूपट्टाखाली शिरतो. शिरताना त्याच्या पाठीवरचा गाळ खरवडला जातो. उलथन्यापुढे खरवड गोळा व्हावी तसा. त्या ढिगात जुन्या सागरतळाचे तुकडेही सापडतात: हिरवट सर्पेंटाइन, उशांसारखे फुगलेले बेसाल्टचे गोळे, सूक्ष्म जीवांच्या कवचांचा तांबडा चर्ट. त्यातले काही खडक साडेनऊ कोटी वर्षांचे आहेत. पूर्वेला बॅरन बेटाचा ज्वालामुखी याच घुसखोरीमुळे. दीडेक शतक गप्प राहून तो 1991 साली पुन्हा धुमसला.

आणि हे काम थांबलेलं नाही. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक चार मीटरहून अधिक खचलं. इंदिरा पॉइंटचं दीपगृह तेव्हापासून पाण्यात उभं आहे. त्याच दिवशी उत्तरेकडे इंटरव्ह्यू बेटाजवळ समुद्रतळ वर उचलला गेला, आणि तिथली प्रवाळं पाण्याबाहेर येऊन उन्हात मरून गेली.