कूलरच्या टाकीतला पुदिना

(दृश्य: फेब्रुवारीतली सकाळ. नागपुरातल्या एका इमारतीची गच्ची. पोत्यांत आणि डब्यांत लावलेली झाडं. कोपऱ्यात गंजलेला कूलर.)

हा कूलर आमच्याकडे अकरा उन्हाळे चालला. बाराव्याला मोटर जळली आणि टाकीचा तळ गंजून भोकं पडली. भंगारवाल्याशी घासाघीस चालू असतानाच डोक्यात आलं, निचऱ्याची भोकं तर आयतीच पडलीत. टाकीत माती भरली, पुदिन्याच्या चार काड्या खोचल्या. आता तो आवरत नाही.

बाजूला रंगाच्या डब्यांत भेदरं आहेत, म्हणजे टमाटे. खताच्या रिकाम्या पोत्यांत वांगे. फुटक्या बादलीत सांबार. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगून ठेवते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीशी तिचं काही नातं नाही.

चार वर्षं हे चाललंय. सुरुवातीला मला खरंच वाटायचं, असंच वाढवत नेलं तर एक दिवस आपण बाजारातून सुटू. मग एकदा हिशेब मांडला. गच्ची 400 चौरस फूट. एकर म्हणजे 43,560. माझ्या वाट्याला आला एकराचा साधारण एकशे नववा तुकडा. ओलिताचा गहू मन लावून केला आणि एकरी 15 क्विंटल उतरला असं धरलं, तरी माझ्या गच्चीवर पिकणार 13-14 किलो. आमच्या चौघांना दिवसाला किलोभराच्या वर कणीक लागते. बारा दिवसांत गच्ची खाऊन संपली.

कागद घडी करून ठेवला आणि गावाला गेले. मोठ्याईकडे.

(दृश्य: वर्धा जिल्हा, सेलू तालुका. वेचणी संपत आलेली कपाशी, मधल्या तासांत तुरीच्या कापल्या बुडख्या. गावातलं किराणा दुकान.)

मोठ्याई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. लहानपणी तिच्या घरी मीठ आणि साखर सोडून काही विकत येताना मी पाहिलं नव्हतं. तेच पाहायला कॅमेरा घेऊन गेलो, आणि पहिलं चित्र मिळालं ते या दुकानाचं. दोरीला लटकलेल्या पुड्या: चिप्स, तिखट, हळद, शेवया. खाली थर्माकोलच्या पेटीत दुधाच्या पिशव्या. आणि एक-एक किलोची तुरीची डाळ, चकचकीत पाकिटात.

ज्या गावाच्या चारही बाजूंना तूर उभी असते, त्या गावात.

तूर क्विंटलच्या भावानं बाजार समितीत विकायची आणि डाळ किलोच्या भावानं किराण्यातून आणायची, हे आता कोणाला वेगळं वाटत नाही. मोठ्याईला वाटतं. ती म्हणाली, "तूर इकून डाळ इकत आनून रायले पोट्टे. पेट्रोल जायलं ते येगळंच."

हे एका दिवसात झालेलं नाही. आधी बी गेलं. 1970 मध्ये गुजरातेत संकरित कापसाचं पहिलं वाण आलं, पुढे संकरित बियाणं वऱ्हाडात घरोघर पोचलं, आणि 2002 पासून बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं बियाणं. संकरित झाडाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दर मृगाला पाकीट घेणं आलं. मग ज्वारी गेली. सोयाबीनला पैसा दिसला, ज्वारीवर रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं तुटून पडायची, राखण कोण करणार? ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर दावणीची जनावरं कमी झाली, आणि दूध पिशवीतून यायला लागलं. तणनाशक आलं तसा बांधावरचा तरोटा आणि चिवळही दिसेनाशी झाली. त्या भाज्या कोणी पेरत नव्हतं, म्हणून गेल्याचंही कोणी मोजलं नाही.

यात गावाला नावं ठेवायचा माझा काही हक्क नाही. ज्याच्या पोरीची फी भरायची आहे त्याला नगदी पीकच घ्यावं लागतं. माझ्या बाबांची फीसुद्धा कापसानंच भरली.

(दृश्य: घरामागची सांदवाडी. पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं कुंपण, त्यावर वालाचा वेल. न्हाणीतून निघालेली पाण्याची बारीक नाली.)

मोठ्याईची सांदवाडी मात्र अजून जागेवर आहे. माझ्या गच्चीच्या दुप्पट असेल, फार तर. पण रीत बघा. न्हाणीचं पाणी आधी केळीला, केळीच्या बुडाशी धोप्याची, म्हणजे अळूची पानं, उरलं तर पुढं मुनग्याला, म्हणजे शेवग्याला. मुनगा मागे, कारण त्याला पाणी कमी लागतं. गोडलिंब दाराशी, कारण फोडणी तडतडत असताना धावत जाऊन दोन डहाळ्या तोडता आल्या पाहिजेत. मी गच्चीवर झाडं ऊन बघून लावली होती. हिनं पाणी बघून आणि स्वैपाक बघून लावलीत.

आता ही भिंत जवळून बघा. शेणाच्या या गोवऱ्या जाळायच्या नाहीत. प्रत्येकीत बिया आहेत: वाळकाच्या, भोपळ्याच्या, दोडक्याच्या. ताज्या शेणात कालवून भिंतीला थापायच्या, वाळू द्यायच्या, मृगाच्या तोंडावर फोडून पेरायच्या. किडा लागत नाही. मोठ्याईनं एक गोवरी काढून माझ्या हातावर फोडली. आतली बी पांढरी, टपोरी. मी गेल्या वर्षी दहा बियांच्या पाकिटाला 40 रुपये दिले होते. हे मी तिला सांगितलं नाही.

(दृश्य: अंगणात पसरलेली तूर. लाल मातीनं माखलेले दाणे.)

त्या आठवड्यात घरची डाळ करायची होती. तूर निवडून पाण्यात भिजवली. उपसून लाल मातीच्या पाण्यात घोळली आणि ढीग घालून रात्रभर झाकून ठेवली. मग चार दिवस कडक उन्हं. माती आणि ऊन मिळून साल सैल करतात. वाळली की नाही हे कळायला मोठ्याईकडे एकच यंत्र आहे, तिची दाढ. ती दाणा चावते. पहिल्या दिवशी आवाजच आला नाही. तिसऱ्या दिवशी 'कच्'. चौथ्या दिवशी 'कट्' झालं, आणि ती जातं झाडायला उठली.

जात्यावर मीही बसले. पाच मिनिटांत कळलं की मूठभरापेक्षा जास्त तूर एकदम घातली तर दाणा फुटतच नाही, नुसता बाहेर येतो. आणि कमी घातली तर पीठ होतं. सुपानं पाखडून डाळ एकीकडे, चुनी एकीकडे, टरफल एकीकडे. चुनी आणि टरफल शेजारच्या गाईला. शेजारणीकडून संध्याकाळी ताकाचा गंज, म्हणजे पातेलं, आलं. कोणी कोणाला काही म्हटलं नाही.

मी विचारलं, "मोठ्याई, पह्यले सगळं घरचंच पुरत होतं नं?"

ती हसली. "कुठी पुरत होतं वं? मीठ का वावरात पिकते? तेल तेल्याकडून, मडकं कुंभाराकडून. आपल्याकडून त्याईले जवारी."

ही जुनी देवाणघेवाण सगळ्यांनाच सुखाची नव्हती, हेही खरं. पसाभर धान्यासाठी काहींना उंबऱ्याच्या बाहेर उभं राहावं लागायचं. ते गेलं ते बरंच झालं. पण एकट्या घरानं सगळं पिकवायचं, ही कल्पना या गावाची कधीच नव्हती. ती मी शहरातून घेऊन आले होते.

(दृश्य: सेवाग्राम. मातीच्या भिंती, कौलं. लाकडी चौकटीतलं टेलिफोनचं खोकं.)

परतण्याआधी एक दिवस सेवाग्रामला थांबलो. 1936 मध्ये गांधीजी इथं राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. बुलडाण्याकडच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला, म्हणून 1940 मध्ये सेवाग्राम झालं. स्वावलंबनाची एवढी मोठी जागा, आणि इथं बघण्यासारखी एक वस्तू म्हणजे टेलिफोन. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. शाळेच्या सहलीत आम्ही या खोक्यासमोर खूप हसलो होतो. या वेळी नाही हसले. 26 जुलै 1942 च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी आपल्या कल्पनेतलं गाव मांडलंय. मुख्य गरजांपुरतं ते शेजाऱ्यांवर विसंबून नाही, आणि बाकी जिथं विसंबणं गरजेचं आहे तिथं एकमेकांवर विसंबून आहे. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. मलाही तेवढाच होता.

इथून थोड्याच अंतरावर, पवनारला धाम नदीच्या काठी, विनोबांनी 1950 च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशाशिवाय, स्वतःच्या श्रमावर जगायचं. 1951 मध्ये ते पायी तेलंगणाकडे निघाले आणि भूदान सुरू झालं. नदी तिथंच आहे. उन्हाळ्यात तिच्यात गुडघाभरसुद्धा पाणी नसतं.

(दृश्य: मे. नागपूर. इमारतीच्या जिन्यात रचलेली पोती.)

मे महिन्यात आमच्या इमारतीतल्या सहा घरांनी मिळून वर्षाचं धान्य मोठ्याईच्या घरून भरलं. गहू आणि तुरीची डाळ. भाव आधी बोलून ठरवला, बाजार समितीपेक्षा थोडा वर आणि दुकानापेक्षा खाली. एवढी डाळ जात्यावर होणार नव्हती. जवळच्या गावात बायकांच्या बचत गटाकडे पीकेव्ही मिनी डाळ मिल आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली. तिथून करून आणली. गव्हाला दोन उन्हं दिली, कोठीत वाळला कडुनिंब घातला. डाळीला एरंडेलाचा हात लावला. दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंना एरंडेलाचा वास आवडला नाही, पण पावसाळ्यात त्यांच्याच डाळीला सोंडे लागले नाहीत असं त्या आता सगळ्यांना सांगतात.

गच्चीवर मी गहू पिकवत नाही. भाजी पिकवते, तीही निम्मी. मेथी समोरच्या घरातून येते, माझ्याकडून पुदिना आणि भेदरं जातात. उरलेल्या बिया पेरायच्या आधी 100 दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवते. आठ दिवसांनी किती उगवले ते मोजते. ही युक्ती मोठ्या बाबांची, म्हणजे मोठ्याईच्या नवऱ्याची. ते सोयाबीनचं घरचं बी असंच तपासतात, 70 च्या वर उगवले तर पेरायचं.

(दृश्य: जून. बसस्थानक. लाल बस. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी.)

पहिला पाऊस पडला त्या रात्री मोठ्याईचा फोन आला. मला वाटलं पेरणीचं काही असेल.

"तुह्या त्या कूलरात पुदिना हाये नं? चार काड्या आन. आमच्या इथं पुदिना लागतच नाई, ऊन खाऊन टाकते. न हो, कूलरची टाकी भेटली तं तेही पाय."

टाकी काही मिळाली नाही. चार काड्यांच्या मी वीस नेल्या. सेलूच्या अलीकडे कंडक्टर नाक वर करून म्हणाला, "कोनाकडं चटनी हाये बाप्पा?"