गेनच्या आधी की गेनच्या नंतर?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'जुन्या हाय-गेन अँपची तुलना आणि टोन लावण्याची पद्धत'. तीन गिटार अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रं, घेणार आहे: मार्शलचा जेसीएम ८००, मेसा बूगीचा मार्क टू सी प्लस आणि सोल्डानोचा एसएलओ-१००. पण त्याआधी माझ्या मनात बरीच वर्षं घोळणारी एक गोष्ट सांगतो. ती कळली की तुलना दहा मिनिटांत होते.

या तिन्ही अँपच्या तोंडावर बेस, मिडल, ट्रेबल अशी बटणं आहेत. नावं तीच, दिसायलाही तीच. मात्र आत सर्किटमध्ये ही बटणं कुठं बसवली आहेत, हे बाहेर कुठंच लिहिलेलं नसतं. आवाज फाटण्याच्या आधी, की फाटून झाल्यावर? सिग्नल वाढवतो तो गेन, आणि तो फार वाढला की आवाज फाटतो, ते डिस्टॉर्शन. लसूण फोडणीत पडली तर एक चव, तीच वरून कच्ची घातली तर दुसरीच. बेसचं बटण गेनच्या आधी असेल तर ते डिस्टॉर्शनची जातच बदलतं. गेनच्या नंतर असेल तर तयार झालेल्या डिस्टॉर्शनचा फक्त तोल बदलतं. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचंय.

हे का सांगावंसं वाटतं? मुलं येतात, चांगली वाजवणारी मुलं, आणि विचारतात, "दादा, सेटिंग काय ठेवलंय?" मोबाइलवर कुणाच्या तरी अँपचा फोटो असतो. बेस ६, मिड ३, ट्रेबल ७. ते आकडे आपल्या अँपवर लावायचे आणि तो आवाज यायची वाट बघायची. येत नाही. मग पोरगं खट्टू होतं आणि नवा पेडल घेतं. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण त्या पोराच्या हातात काही कमी नसतं, फक्त त्याला कुणी आकड्यांचा फोलपणा समजावून सांगितलेला नसतो.

आता बघा. ते बटण म्हणजे कार्बनची पट्टी असलेला पॉट, फिरवून कमी-जास्त करता येणारा रोधक. नवाकोरा असला तरी त्याच्या रोधात २० टक्के वर-खाली सर्रास चालतं. म्हणजे एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन अँपवर 'पाच' ही खूण दोन वेगळ्या जागी असते. वर चाळीस वर्षांत कपॅसिटर म्हातारे झालेले, व्हॉल्व्ह, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, दोन-चारदा बदललेले. त्या फोटोवाल्याच्या गिटारचे पिकअप वेगळे, स्पीकर वेगळे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो किती जोरात वाजवत होता, हे फोटोत दिसतच नाही.

सर्किटचा कागद तोच असला तरी आवाज तोच येत नाही, याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे खुद्द मार्शल कंपनी. पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला जिम मार्शल यांचं दुकान होतं, १९६० साली उघडलेलं. ते स्वतः ड्रमर आणि ड्रमचे शिक्षक. ड्रमवाल्यांच्या मागोमाग त्यांचे गिटारवाले दोस्त दुकानात यायला लागले, त्यात पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर असे लोक. त्यांना फेंडरचे अमेरिकन अँप हवे होते आणि ते इंग्लंडमध्ये फार महाग पडत. मग १९६२मध्ये दुकानातला दुरुस्तीवाला केन ब्रॅन आणि ईएमआय या कंपनीत उमेदवारी करणारा पोरगेला डडली क्रेव्हन यांनी फेंडर बेसमन या अँपचं ५एफ६-ए हे सर्किट समोर ठेवून आपला अँप बांधला. जवळजवळ जसंच्या तसं सर्किट. सुटे भाग मात्र इंग्लंडात मिळतील ते. फेंडरमध्ये पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७, त्याचा वर्धन गुणांक साधारण ४४. यांनी लावला ईसीसी८३, त्याचा १००. फेंडरमध्ये मागून उघड्या पेटीत दहा इंची चार जेन्सन स्पीकर, यांनी मागून बंद पेटीत बारा इंची चार सेलेस्टियन लावले. झालं! नक्कल करायला बसले आणि रॉकचा नवा आवाज जन्माला आला. सर्किट अख्खं उचलूनसुद्धा आवाज बदलला, तिथं तीन आकडे उचलून काय हाती लागणार?

जोराचं म्हणत होतो. व्हिंटेज ३० हा स्पीकर पाहिलाय ना सगळ्यांनी? त्याला फक्त १ वॅट दिला तर १ मीटरवर सुमारे १०० डेसिबल आवाज देतो. एक वॅट! आणि आपण १०० वॅटचा अँप दोन बीएचकेमध्ये ठेवून टोन लावतो. म्हणजे मास्टर, एकूण आवाजाचं बटण, जेमतेम उघडलेला. १९३३ साली बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून घरी बेस वाढवावासा वाटतो, कर्कश वाटू नये म्हणून मिड कापावासा वाटतो. कानाला गोड लागतं ते. तेच सेटिंग स्टेजवर नेलं की बेस अंगावर येतो आणि गिटार गायब.

इथं किती जणांचे मिड शून्यावर असतात? हात वर करा बरं. खरं सांगा, इथं कुणी रागावणार नाही. मागच्या तीन रांगांमधले जवळजवळ सगळे हात वर. आणि पुढं बसलेले बेसवादक हसताहेत, कारण त्यांना माहीत आहे तुमची जागा कोण खातंय. (हशा.) गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झ, बेस गिटारची ४१. खाली बेस आणि किक ड्रम बसलेत, वर झांजा बसल्यात. मधली जागा तुमची. ती तुम्ही स्वतःच्या हातानं रिकामी करता आणि मग मिक्सरवाल्याकडे बोट दाखवता.

मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा, आपल्यातले काही जण तिथं गेलेले असतील. पुढं शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रम थांबले. मला त्याची हळहळ एका वेगळ्या कारणासाठी आहे. उघड्या मैदानात, मोठ्या आवाजात, पूर्ण बँडसोबत आपला टोन ऐकायची जागा तरुण पोरांना लागते. ती नसली की आख्खी पिढी बेडरूममध्ये टोन लावते. मिड शून्यावर जाण्यात या गोष्टीचा मोठा हात आहे, असं माझं ठाम मत आहे.

डिस्टॉर्शन म्हणजे नक्की काय होतं, हेही एकदा आपल्या भाषेत बघू. व्हॉल्व्ह फाटायला लागला की त्यातून जाणारे स्वर एकमेकांत मिसळून नवे स्वर तयार करतात. ८२ आणि १२३ हर्ट्झ, म्हणजे सा आणि प, एकत्र पाठवा. त्यांच्यातला फरक ४१, म्हणजे खालच्या सप्तकातला सा आपोआप उभा राहतो. म्हणून पॉवर कॉर्ड, म्हणजे ही सा-पची जोडी, भरदार लागते. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे लगेच पटेल. आता गांधार घाला. शुद्ध गांधार ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), गिटारच्या पट्टीवर तो ४०० सेंटवर बसवलेला. पंचमाचा फरक जेमतेम दोन सेंट, गांधाराचा चौदा. स्वच्छ आवाजात तो खपून जातो, डिस्टॉर्शनमध्ये गुरगुरायला लागतो. हाय-गेनवाले तिसरा स्वर का गाळतात, याचं एक मोठं कारण हे आहे. यावर वेगळं व्याख्यान होईल, आज पुढं जाऊ.

एवढं लक्षात ठेवा की खालच्या स्वरांची हेलकावणी मोठी असते. फाटण्याआधी बेस जास्त असला तर तो सगळ्या व्हॉल्व्हची जागा खातो, वरचे स्वर त्याच्याबरोबर छाटले जातात आणि चिखल होतो. म्हणून गाळायचं ते आधी, भरायचं ते नंतर.

आता माझी आवडती गोष्ट. मेसा बूगीचा संस्थापक रँडल स्मिथ हा कॅलिफोर्नियातल्या मिल व्हॅलीत प्रून म्युझिक नावाच्या दुकानात अँप दुरुस्त करायचा. बॅरी मेल्टन या गिटारवादकाचा फेंडर प्रिन्स्टन त्याच्याकडे आला. प्रिन्स्टन म्हणजे शिकाऊ मुलाच्या खोलीत ठेवायचा अँप, दहा इंची एक स्पीकर, बारा-पंधरा वॅट. स्मिथनं गंमत करायची ठरवली. आत बेसमनचे ट्रान्सफॉर्मर कोंबले, पेटी कोरून बारा इंची जेबीएल बसवला. बाहेरून तोच गरीब प्रिन्स्टन. दुकानात गिटारवादक कार्लोस सँटाना होते, ते त्यावर वाजवायला लागले आणि रस्त्यावरची माणसं ऐकायला थांबली! त्यांच्या तोंडून निघालेल्या कौतुकातच बूगी हा शब्द होता, तो पुढं कंपनीला चिकटला.

पण माझ्या दृष्टीनं खरा क्षण त्यानंतरचा. ली मायकेल्स या वादकाला क्राउनचे ताकदवान पॉवर अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा शेवटचा भाग, चालवायचे होते आणि त्यासाठी त्यानं स्मिथकडून प्रीअँप, म्हणजे त्याच्या आधी सिग्नल वाढवणारा भाग, मागितला. किती सिग्नल लागेल याचा अंदाज येईना, म्हणून स्मिथनं व्हॉल्व्हचा एक टप्पा जास्तीचा घातला आणि प्रत्येक ठिकाणी गेनचं वेगळं बटण दिलं. ती बटणं चढवली आणि सूर थांबेचना! तोवर अँपचं डिस्टॉर्शन हवं तर अख्खा अँप कानठळ्या बसेपर्यंत उघडावा लागे. आता एक टप्पा दुसऱ्याला फाडू लागला, आणि आवाज केवढा ठेवायचा ते शेवटच्या बटणावर ठरू लागलं. हाय-गेन नावाचं सगळं घराणं या मांडणीतून वाढलं. एक माणूस गरजेपेक्षा थोडं जास्त बांधून ठेवतो आणि पुढची पन्नास वर्षं जगभरची पोरं त्यावर वाजवतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, तिन्ही अँप भराभर घेतो, लिहून घ्या.

जेसीएम ८००, मॉडेल २२०३. नाव १९८१चं, सर्किट १९७५पासूनचं. एकच चॅनल, १०० वॅट, ईएल३४ जातीचे पॉवर व्हॉल्व्ह. इथं टोनची बटणं गेनच्या नंतर. म्हणजे बेस कमी करून चिखल जाणार नाही, तो आधीच झालेला असतो. म्हणूनच लोक अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर हा पेडल लावतात, ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल वर. तो पेडल खालचे स्वर आधीच गाळतो. बरीच माणसं समजतात की तो गेनसाठी आहे. गेन थोडा वाढतो, खरं काम गाळण्याचं. मिडल निम्म्याच्या वर ठेवा. प्रीअँपचं बटण खाली असताना त्यावरचा ब्राइट कपॅसिटर आवाज पातळ आणि टोचरा करतो, त्यामुळे कमी गेनवर ट्रेबल उतरवा, गेन चढवला की परत बघा. आणि मास्टरला थोडी तरी मोकळीक द्या, या अँपचा निम्मा आवाज पॉवर व्हॉल्व्हमध्ये आहे.

मार्क टू सी प्लस, १९८४-८५. खरा सी प्लस ओळखायचा तर मागं वीजेच्या वायरीच्या वर मार्करनं हातानं काढलेली अधिकची खूण बघतात. इथं सगळं उलटं आहे. बेस-मिडल-ट्रेबल गेनच्या आधी, फेंडरच्या पद्धतीनं. मार्शलची सवय असलेला माणूस इथं बेस पाचावर ठेवतो आणि 'या अँपचं एवढं कौतुक कशाला' म्हणत परत जातो. बेस एक-दोनवर आणा, घाबरू नका. ट्रेबल सातच्या आसपास, कारण इथं ट्रेबल म्हणजे गेनचंच दुसरं बटण. त्यानं आवाज हडकुळा होईल, व्हायलाच हवा. मग गेनच्या नंतर बसलेल्या पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरवर या: ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ. गेलेला बेस इथं ८०वर भरून काढा. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डचा घट्ट, ठोशासारखा रिदम याच अँपचा, आणि लोक त्यातून ७५०ची खाली ओढलेली पट्टी तेवढी उचलतात. आधी बेस गाळलाय, हे विसरतात. ७५० थोडी खाली चालेल, तळाला नेऊ नका.

एक सावधगिरीची सूचना. अमेरिकेतून आणलेला जुना अँप १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० आहे. व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर चांगल्या क्षमतेचा घ्या, आणि अँपचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झला चालणारा आहे का ते तपासा. फक्त ६०साठी बनवलेला आपल्याकडे तापतो. झाकण काढून आत हात घालू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात.

एसएलओ-१००, माइक सोल्डानो, १९८७. १०० वॅट, पण पॉवर व्हॉल्व्ह ६एल६ जातीचे. मांडणी मार्शलच्या वळणाची, टोन गेनच्या नंतर, पण गेनचा टप्पा एक जास्त आणि मधला एक टप्पा मुद्दाम थंड ठेवलेला, म्हणजे लाटेची एक बाजू आधी छाटली जाते. खालचे स्वर टप्प्याटप्प्यानं सर्किटमध्येच गाळलेले असल्यामुळे पेडलची गरज कमी. १९९२च्या पीव्ही ५१५०मध्ये आणि मेसाच्या ड्युअल रेक्टिफायरमध्ये हीच वाट पुढं चालवलेली दिसते, त्यामुळे ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनीही हेच धरून चालावं. गेन पाचावर थांबवा. इथं गेन इतका आहे की सातच्या पुढं फक्त सुरसुर वाढते आणि पिकाचा ठोका बोथट होतो. बेस, मिडल, ट्रेबल मध्यावर ठेवून सुरुवात करा. प्रेझेन्स, म्हणजे वरच्या स्वरांचा उजळपणा ठरवणारं बटण, सगळ्यात शेवटी, तोही स्पीकरच्या समोर कान ठेवून, कारण हे बटण पॉवर अँपच्या फीडबॅकमध्ये आहे आणि आवाजाच्या पातळीनुसार वेगळं वागतं.

आणि तिन्हींसाठी एक क्रम. आधी मास्टर, म्हणजे जिथं वाजवणार तेवढा आवाज. मग गेन, वाटतो त्यापेक्षा थोडा कमी. मग मिडल, आणि हा एकट्यानं लावू नका, बेस आणि ड्रम चालू असताना लावा. मग बेस, ट्रेबल, प्रेझेन्स. लागला की फोटो काढा हवं तर, पण तो त्या अँपचा, त्या खोलीचा, त्या दिवसाचा.

वेळ संपली. स्पीकरच्या तारांबद्दल विचारायचं होतं ते उजवीकडचे गृहस्थ, तुमचा प्रश्न आधी घेऊ.