भरतीची वेळ वर्षभर आधी कळते, पावसाची का नाही?

[दृश्य: मांडवीचं मुख, पाणी चढतंय. समोर रेइश मागूसचा किल्ला.]

पुढच्या वर्षी गणेश चतुर्थीला पणजीत भरती किती वाजता येईल, ते आज सांगता येतं. चुकलंच तर काही मिनिटांनी चुकेल. पण त्या दिवशी पाऊस पडेल का, हे तीन आठवडे आधीसुद्धा कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पाणी दोन्हीकडे आहे, आणि दोन्हींमागचे नियमही न्यूटनचेच. नियम पक्का असूनही भविष्य कळत नाही, असं का होतं, ते या चित्रफितीत पाहू.

आधी भरती. चंद्रामुळे येणारी मुख्य लाट दर १२ तास २५ मिनिटांनी फिरून येते, सूर्यामुळे येणारी दर १२ तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोन्ही एकत्र येतात तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास त्या एकमेकींना कापतात तेव्हा भांग. उधाणाला मांडवीच्या मुखाशी पाणी सव्वादोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. याशिवाय दिवसातून एकदाच फिरणाऱ्या लाटा असतात, म्हणून आपल्याकडच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात.

भाकितासाठी या लाटा वेगवेगळ्या करायच्या तर पाण्याची पातळी दर तासाला नोंदवायची. किती दिवस? चंद्राची आणि सूर्याची मुख्य लाट सुटी करायला निदान १४.७७ दिवस. चंद्र जवळ-लांब जातो त्याचा परिणाम वेगळा काढायला २७.५५ दिवस. काही जोड्या तर सहा महिन्यांशिवाय सुटतच नाहीत. म्हणून वर्षभराची सलग नोंद लागते. आठवडाभराच्या नोंदीवर कुणी वर्षाचं भाकीत करत असेल तर त्याच्याकडून होडी भाड्याने घेऊ नये.

भाकीत चुकतं ते बाहेरच्या कारणांनी. जोराचा वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो, जुलैत घाटावरून पूर येतो. भरतीच्या कोष्टकात या गोष्टी नसतात. पण आजची चूक उद्या दुप्पट, परवा चौपट होत नाही. वारा पडला की पाणी पुन्हा कोष्टकावर येतं.

[दृश्य: चोडणचं खाजन. बांध, आतली पोय, मानशीचं लाकडी दार.]

हीच भरती मांडवीतून आत सुमारे ४० किलोमीटर फारशी न घटता जाते. वाटेत दोन्ही काठांना खाजनं आहेत. ही शेतं भरतीच्या पातळीच्या खाली असल्यामुळे त्यांना बांध लागतो आणि बांधात मानस, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याचं दार. मानशीची दारं वरच्या बाजूला टांगलेली असतात. नदीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दार मिटतं. नदी उतरली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज.

या दारापाशी साधा हिशेब मोडतो. कारण दुप्पट केलं की परिणामही दुप्पट, आणि दोन कारणं एकत्र आली की परिणामांची नुसती बेरीज, अशा व्यवस्थेला रेषीय म्हणतात. मानस तशी नाही. एका दिशेने ती पाणी सोडते, दुसऱ्या दिशेने अडवते. दार उघडं असतानाही प्रवाह पातळीतल्या फरकाच्या वर्गमुळाने वाढतो. आत-बाहेरचा फरक १० सेंटिमीटरवरून ४० वर गेला तरी पाणी चौपट वेगाने जात नाही, दुप्पटच जातं.

याचा परिणाम पोयीत, म्हणजे बांधाच्या आतल्या तळ्यात, मोजता येतो. पहिलं म्हणजे आतल्या चढ-उतारात सव्वासहा तासांचा ठेका मिसळतो. बाहेरून फक्त साडेबारा तासांची लाट आली असती, तरी तो आत उमटलाच असता. दुसरं जास्त महत्त्वाचं. मुखाजवळ उधाण-भांगामुळे भरती आणि ओहोटीतलं अंतर कमी-जास्त होतं, पण पाण्याची सरासरी पातळी जवळजवळ जागच्या जागी राहते. मानशीच्या आत मात्र ही सरासरीच पंधरवड्याच्या तालावर वर-खाली होऊ लागते. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खोल जाते, म्हणून पोय चांगली रिकामी होते. भांगाला ओहोटी वरच थांबते, आणि शेतातलं पाणी तुंबतं. बाहेर पातळीतला नुसता फरक होता, दाराने त्याची नवी लाट करून दाखवली. अरेषीय आंदोलन म्हणतात ते हे.

दाराच्या फळीखाली गाळ किंवा ओंडका अडकला, लाकूड किड्याने पोखरलं, खेकड्यांनी बांधात बिळं केली, किंवा मासळीसाठी दार मुद्दाम उचलून ठेवलं, की खारं पाणी आत येतं. कोरगुट भात थोडं मीठ सोसतं, रोजचं नाही.

आणि तरीही हा केऑस, म्हणजे नियम पक्का असूनही भाकीत हाताबाहेर जाणं, नव्हे. एकसारखी दोन खाजनं घ्या, सुरुवातीला एकात पाणी अर्धा फूट जास्त ठेवा. काही भरत्या-ओहोट्यांनंतर दोन्हींची पातळी एकच झालेली दिसेल. इथे सुरुवातीची तफावत विरून जाते. केऑसमध्ये ती फुगते. अरेषीय दिसलं की लगेच केऑस म्हणण्याची घाई अभ्यासकांनाही होते.

[दृश्य: कामाचं टेबल. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, बेअरिंग, बोल्ट.]

तफावत फुगताना पाहायची असेल तर दुहेरी लंबक करा, म्हणजे एका लंबकाच्या टोकाला टांगलेला दुसरा लंबक. शाळेच्या वर्कशॉपमध्ये एका दिवसात होतो.

४० मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमची पट्टी घ्या. वरच्या भुजेसाठी २० सेंटिमीटरचे दोन तुकडे, खालच्या भुजेसाठी एक. वरचे दोन तुकडे समांतर ठेवायचे आणि खालची भुजा त्यांच्यामधून फिरवायची. सांध्यांना ६०८ नंबरची बेअरिंग, स्केटिंगच्या चाकात असतात ती. आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२. पट्टी २५ मिलिमीटरची घेतलीत तर २२ चं भोक पाडल्यावर कडेला दीड-दीड मिलिमीटर उरतं आणि पट्टी तिथेच वाकते.

बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस भरलेलं येतं. ते केरोसीनने धुऊन काढायचं, वाळवायचं, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. हे न केल्यास लंबक चार-पाच झोक्यांत मरतो आणि प्रयोग फसला असं वाटतं. भोक किंचित मोठं झालं तर बेअरिंग हलतं. तिथे इपॉक्सी लावून एक रात्र सुकू द्या. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो आधाराचा. टेबल हलकं असेल तर लंबकाबरोबर तेही डोलतं, ऊर्जा तिकडे गळते. भिंतीत बोल्ट ठोकणं उत्तम.

आता मोजणी. खालच्या भुजेच्या टोकाला पांढरा ठिपका लावा, मागे काळा कागद. मोबाईलवर सेकंदाला २४० चित्रं घेणारं स्लो मोशन लावा. लंबक हाताने सोडू नका, बोटं नकळत ढकलतात. दोऱ्याने बांधून ओढून धरा आणि दोरा काडीने जाळा.

[दृश्य: दोन चित्रफिती एकावर एक. आधी लहान कोन.]

पहिल्यांदा १० अंशांवरून सोडा. पाच वेळा सोडलात तर पाचही ठिपके बराच वेळ एकाच वाटेने जातील. लहान कोनात ही व्यवस्था जवळजवळ रेषीय आहे. दोन सुटी आंदोलनं आणि त्यांची बेरीज, बस.

[दृश्य: आता दोन्ही भुजा आडव्या धरून सोडलेल्या.]

इथे पहिला सेकंदभर दोन्ही ठिपके एकत्र. मग एका फितीत खालची भुजा उलटी होते, दुसरीत उलटता उलटता राहते. पुढे दोन्हींचा काही संबंध उरत नाही. दोरा, पट्टी, हवा सगळं तेच. फरक होता तो सोडतानाच्या कोनातला, कदाचित अंशाच्या दहाव्या भागाचा.

मग जास्त नेमकं सोडलं तर? इथे केऑसचं खरं गणित आहे. समजा तफावत दर अर्ध्या सेकंदाला दहापट होते. ०.१ अंशाची चूक दीड सेकंदात १०० अंशांची झाली. आता महागडं यंत्र आणून सुरुवातीची चूक ०.०१ अंशावर आणली. दहापट मेहनत, आणि भाकिताला मिळाला आणखी अर्धा सेकंद. पुन्हा दहापट मेहनत, पुन्हा अर्धाच सेकंद. अचूकता गुणाकाराने विकत घ्यायची आणि वेळ बेरजेने मिळवायचा, असा हा सौदा.

[दृश्य: मोबाईलवरची स्प्रेडशीट.]

लंबक करायला जमत नसेल तर मोबाईल पुरतो. पहिल्या चौकटीत ०.३ लिहा. तळ्यातली मासळी, तळ्याच्या कमाल क्षमतेच्या ३० टक्के, असं समजा. पुढच्या पिढीची संख्या काढायला आधीची संख्या, एक वजा आधीची संख्या, आणि वाढीचा एक आकडा, या तिघांचा गुणाकार करायचा. सूत्र तीनशे ओळी खाली ओढा. वाढीच्या आकड्याची चौकट सूत्रात कुलूपबंद करायला विसरू नका, नाहीतर तीही खाली घसरते आणि सगळे शून्य येतात.

वाढ २.८ ठेवली तर संख्या ०.६४३ वर स्थिरावते. ३.२ केली की एका वर्षी ०.७९९, पुढच्या वर्षी ०.५१३, पुन्हा ०.७९९. ३.५ ला चार वर्षांचं चक्र. ३.५७ च्या पुढे चक्रच सापडेनासं होतं. मधेच ३.८३ ला मात्र तीन वर्षांचं चोख चक्र अवतरतं. पहिल्या शंभर-दोनशे ओळी सोडून द्यायच्या, तोवर आकडे आपली जागा शोधत असतात. रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये हे एवढंसं सूत्र जीवशास्त्रज्ञांसमोर ठेवलं. मुद्दा सरळ होता: संख्या वेडीवाकडी उसळते म्हणून बाहेरचं कारण शोधायलाच हवं असं नाही. नियमातच ते असू शकतं.

आता वाढ ४ करा. एका रकान्यात ०.३ ने सुरुवात, शेजारी ०.३०१ ने. पहिल्या फेरीत ०.८४० आणि ०.८४२. पाचव्या फेरीत ०.०८८ आणि ०.०६९. दहाव्या फेरीत ०.०४ आणि ०.६२.

एक गंमत करून पाहा. तेच सूत्र कंस सोडवून लिहा: संख्येतून संख्येचा वर्ग वजा, गुणिले ४. बीजगणितात दोन्ही एकच. सुरुवातही तीच ०.३. तरी साधारण पन्नासाव्या फेरीनंतर दोन रकाने फारकत घेतात, कारण यंत्र सोळाव्या अंकाच्या आसपास आकडा तोडतं आणि दोन रीतींत तो वेगवेगळ्या जागी तुटतो.

[दृश्य: आल्तिन्यावरून दिसणारे जूनचे ढग.]

हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झला १९६१ मध्ये हाच अनुभव आला. हवामानाचं गणित मधूनच पुन्हा सुरू करताना त्याने यंत्रातल्या ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला. थोड्या वेळाने हवामान पूर्ण वेगळं निघालं. १९६३ मध्ये त्याने तीन समीकरणांत ते मांडलं. रोजच्या हवामानाच्या भाकिताची मर्यादा आज साधारण दोन आठवडे धरतात. म्हणून वेधशाळा एकच गणित चालवत नाहीत. सुरुवात किंचित बदलून तेच गणित अनेकदा चालवतात. सगळी उत्तरं जवळजवळ आली तर विश्वास जास्त, पांगली तर कमी. मोसमाच्या एकूण पावसाचा अंदाज ही वेगळी गोष्ट. तो समुद्राच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर टेकलेला असतो, अमुक दिवशी छत्री घ्यावी का ते तो सांगत नाही.

[दृश्य: पर्वरीकडून मांडवी पुलाकडे येणारी गाड्यांची रांग.]

आता माणसांकडे. पुलावर अपघात नाही, सिग्नल नाही, तरी रांग थांबते, सुटते, पुन्हा थांबते. जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या होत्या. सगळ्यांना सारख्याच वेगाने चालायला सांगितलं होतं. थोड्याच वेळात गाड्यांचा एक गठ्ठा झाला आणि तो ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकू लागला. कारण आहे उशीर. पुढचा ब्रेक मारतो, मागचा थोड्या वेळाने प्रतिसाद देतो, आणि उशीर भरून काढायला जास्त जोरात मारतो. अंतर पुरेसं असेल तर हा धक्का विरतो. गाड्या ठरावीक दाटीपेक्षा जवळ आल्या की तो मागे जाताना वाढतो. मधे घुसणारी स्कूटर लाट सुरू करते, पण वाढवते ती दाटी. ही लाट अरेषीय आहे, बऱ्याचदा नियमितही असते. केऑस म्हणायला पुरावा लागेल.

[दृश्य: मालिम जेटी, पहाटेचा लिलाव. बांगड्याच्या टोपल्या.]

मासळीच्या भावाबद्दल तर हा शब्द फारच स्वस्तात वापरला जातो. भाव वाकडातिकडा उसळतो हे खरं. पण उसळी केऑसची आहे की नुसत्या योगायोगाची, हे आलेखाकडे बघून ठरत नाही. १९९० मध्ये जॉर्ज सुगिहारा आणि मे यांनी त्यासाठी एक कसोटी दिली. नोंदीचे दोन भाग करायचे. पहिल्या भागात आजच्यासारखी परिस्थिती कधी कधी होती ते शोधायचं, तेव्हा पुढे काय झालं त्यावरून दुसऱ्या भागाचं भाकीत करायचं. एक पाऊल पुढचं भाकीत चांगलं आणि दहा पावलांपुढचं वाईट निघालं, तर केऑसची शक्यता. सगळीच भाकितं सारखी वाईट निघाली तर तो गोंगाट. न्यूयॉर्कच्या रुग्णनोंदींवर ही कसोटी लावल्यावर गोवराची साथ पहिल्या प्रकारात बसली, कांजिण्या ऋतुचक्रावर चढलेल्या गोंगाटात.

बांगड्यावर ती लावायची तर वर्षाला एक आकडा चालणार नाही, शंभर वर्षांत शंभरच होतील. रोजचा घाऊक भाव हवा, एकाच जेटीवरचा, एकाच वजनाच्या टोपलीचा, शेकडो दिवसांचा. चतुर्थी आणि नाताळच्या मागणीचा वार्षिक चढ-उतार आधी वजा करायचा, नाहीतर भाकीत उगाचच चांगलं दिसतं. आणि १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीची पोकळी सरासरीने भरायची नाही. भरलेले आकडे गुळगुळीत असतात आणि कसोटीला फसवतात. नोंद तिथे तोडायची, आणि १ ऑगस्टपासून नवा तुकडा धरायचा.